कलावंताची ‘सोय’ आणि श्रोत्यांची गैरसोय

गेले तीन आठवडे आमच्या भावंडांच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे, आणि तो मी सुरू केला असल्यामुळे मीच आवरता घ्यावा, असे धाकट्या बहिणीने मला बजावले आहे. जानेवारीत मी नेदरलँड्सहून कोल्हापूरला घरी आलो होतो. एका खुल्या मैदानावर एका नामवंत गायकांचा कार्यक्रम होता. आठशे रुपयांना एक याप्रमाणे पाच तिकिटे काढून मी आईला, बहिणीला आणि दोन्ही भाच्यांना घेऊन गेलो. वेळ साडेसहाची दिली होती. गायक मंचावर आले ते आठ वाजून पंचवीस मिनिटांनी, आणि तेही दारूच्या नशेत, दोघांच्या खांद्यांच्या आधाराने. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, हे आयोजकांना आणि गायकांनाही ठाऊक होते; म्हणजे हातात उरला दीड तास. त्या दीड तासात त्यांनी काही गाणी अर्धवट म्हटली, काही नुसती सुरू केली आणि मधला बराच वेळ श्रोत्यांशी असंबद्ध बोलण्यात घालवला. मी ग्रुपवर लिहिले की, ही मैफल नव्हती, ही फसवणूक होती आणि लोकांनी पैसे परत मागायला हवेत. त्यावर आतेभावाचे उत्तर आले, ‘‘भावा, कलाकार हाय त्यो. कार्ड पंच करून गाणं म्हणायचं असतंय व्हय? तिकडं राहून तुला सगळं घड्याळावर पायजे झालंय.’’ या वाक्याखाली अकरा जणांचे अंगठे उमटले.

मला राग आला तो घड्याळाच्या उल्लेखाचा नव्हे. दोन तासांचा उशीर मी विसरलो असतो. जे विसरता येत नाही ते असे की, मी बसलो होतो तिथून तबलजींचा चेहरा स्पष्ट दिसत होता. अंतरा संपवून मुखड्यावर यायचे होते आणि गायक मुखडाच विसरले. तबलजींनी केरव्याचा ठेका तसाच चालू ठेवला. एक आवर्तन गेले, दुसरे गेले, चौथ्या आवर्तनाला त्यांनी व्हायोलिनवादकाकडे पाहिले आणि त्याने मुखड्याची ओळ वाजवून वाट दाखवली. तरीही गायक समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, आले नाहीत. दोन मात्रा उशिरा त्यांनी ओळ उचलली आणि वर हजारभर लोकांसमोर माइकवरून तबलजींनाच विचारले, ‘‘लय कुठं नेताय?’’ लय जागच्या जागी होती. तबलजींनी मान खाली घातली, गायकांची चुकलेली जागा हीच सम मानून ठेका तिथे सरकवून घेतला आणि डाव्या बाहीने कपाळ पुसले. पुढच्या रांगेतली मुले हे सारे मोबाइलवर टिपत हसत होती. आईने शाल सावरत मला विचारले, ‘‘आवाज बसलाय काय रे त्यांचा?’’ मी हो म्हणालो.

माझी नजर गायकाच्या आधी साथीदारांकडे जाते, याला कारण आहे. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात तबला आणि ढोलकी वाजवायचे. एका जत्रेच्या कार्यक्रमात मुख्य गायक पिऊन मंचावरच बसकण मारून राहिला, लोकांनी खुर्च्या फेकल्या आणि कंत्राटदाराने सगळ्यांचीच नाइट, म्हणजे त्या रात्रीचे मानधन, बुडवली. नाना पहाटे साडेचारला घरी आले, तेव्हा त्यांच्या डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, फाटलेली होती. गायकाला पुढच्या महिन्यात दुसऱ्या ऑर्केस्ट्राने बोलावून घेतले. नानांनी मात्र नवी पुडी काकूंच्या भिशीच्या पैशांतून घातली. ‘कलाकाराला तेवढी मुभा द्यावी’ असे जे म्हणतात, त्यांच्या डोळ्यांसमोर कलाकार म्हणून एकच माणूस असतो, आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला बसलेले चौघे त्यांना दिसतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी वादात भीमसेनजींचे नाव आले, आणि ते येणार हे मला माहीतच होते. पिणाऱ्या गायकाची बाजू घ्यायची झाली की आपल्याकडे त्यांचा दाखला दिला जातो. त्यांच्या पिण्याविषयी लपवाछपवी कधीच नव्हती. पण दाखला देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दारू सोडली आणि त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे ते गात राहिले. २००८ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झाले, तोवर श्रोत्यांची एक अख्खी पिढी अशी होती जिने त्यांना फक्त शुद्धीवर गाताना ऐकले होते. हा दाखला कोणाच्या बाजूने आहे, हे मी ग्रुपवर विचारले. उत्तर आले नाही.

‘घेतल्याशिवाय रंग चढत नाही’ हे दुसरे वाक्य. दारू मेंदूत सर्वांत आधी मंद करते ती माणसाची स्वतःविषयीची पारख, आणि म्हणून कणसूर लागलेल्या गायकाला आपण आज फार सुरेल गातो आहोत असे मनापासून वाटत असते. स्नायूंचा तोल आणि वेळेचा अंदाज सांभाळणाऱ्या लहान मेंदूवर तिचा परिणाम होतो, म्हणजे लय जाते. घसा कोरडा पडतो, म्हणजे तार सप्तकात आवाज फाटतो. रंग चढतो तो गाणाऱ्याला. ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय येते, ते मी वर सांगितले आहे.

मग भाच्याने मोबाइलवर शोधून मला लिहिले, ‘‘मामा, तुमच्या अ‍ॅमस्टरडॅममध्येही हेच झालंय की.’’ खरे आहे. सप्टेंबर १९६८ मध्ये ‘द डोअर्स’ या अमेरिकन रॉक बँडचा गायक जिम मॉरिसन तिथल्या कॉन्सर्टखेबाऊ या संगीत सभागृहात नशेत कोसळला आणि त्याला इस्पितळात न्यावे लागले. पण पुढे काय झाले तेही भाच्याने वाचायला हवे होते. उरलेल्या तिघांनी कार्यक्रम रद्द केला नाही. कीबोर्ड वाजवणाऱ्या रे मॅन्झरेकने त्या रात्री सगळी गाणी स्वतः म्हटली. २० नोव्हेंबर १९७३ रोजी कॅलिफोर्नियात ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमवादक कीथ मून असाच वाजवता वाजवता बेशुद्ध झाला, तेव्हा श्रोत्यांमधला स्कॉट हॅल्पिन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा मंचावर चढला आणि त्याने उरलेली गाणी वाजवून दिली. दर वेळी कार्यक्रम वाचवला तो शुद्धीवर असलेल्या माणसाने.

आणि ज्यांना हे सारे कौतुकाचे वाटते, त्यांनी सर्बियातले बेलग्रेड आठवावे. १८ जून २०११ रोजी ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस तिथे सुमारे वीस हजार लोकांसमोर उभी राहिली, तेव्हा तिला स्वतःच्या गाण्यांचे शब्द आठवत नव्हते. लोकांनी हुर्यो केली, चित्रफिती काढल्या आणि त्या जगभर पाहिल्या गेल्या. दौऱ्याचे पुढचे कार्यक्रम रद्द झाले. पाच आठवड्यांनी, २३ जुलैला, ती लंडनच्या घरी मृतावस्थेत सापडली. वय सत्तावीस. दर शंभर मिलिलिटर रक्तात ४१६ मिलिग्रॅम मद्यार्क होता, इंग्लंडमध्ये गाडी चालवण्याच्या मर्यादेच्या पाचपट. जानेवारीत आमच्या पुढच्या रांगेत जी मुले हसत होती, त्यांचे हसणे मला बेलग्रेडच्या हुर्योपेक्षा वेगळे वाटत नाही.

मी चौदा वर्षे नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात राहतो. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात, हातात पैसे नसताना, मी बुधवारच्या दुपारच्या फुकट कार्यक्रमांना कॉन्सर्टखेबाऊमध्ये जात असे. तिथे कलाकार मंचामागच्या लाल गालिच्याच्या उंच जिन्यावरून, सगळ्या सभागृहासमोर, एकेक पायरी उतरत येतो. अर्ध्या तासाच्या फुकट वादनासाठी आलेला संगीत शाळेतला विद्यार्थीसुद्धा तो जिना असा उतरायचा की, आपल्या हातून काही सांडू नये याची काळजी त्याच्या खांद्यांत दिसे. दार वेळेवर बंद होई आणि उशिरा आलेले बाहेर थांबत. पॉपच्या सभागृहांत इथले लोकही बिअरचे ग्लास हातात घेऊन गाणे चालू असताना गप्पा मारतात, हे मला मान्य आहे, आणि आतेभावाने तेवढेच पकडले. पण ते समोर उभे असलेले लोक आहेत, गाणारा नव्हे. मंचावर उभा राहणारा माणूस काहीतरी देणे लागतो, ही जाणीव मी इथे रोज पाहतो.

ती कोल्हापूरला शिकवावी लागावी, याचेच मला सर्वांत वाईट वाटते. ज्या गावात राजर्षी शाहूंनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून आणले, ते हे गाव. ऐन उमेदीत अतिगाण्याने आवाज गेला असता उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली, आणि ती ऐकणारे कान याच गावात तयार झाले. महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेले पॅलेस थिएटर, आताचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, तेव्हा मी ऑफिसातून परतताना गाडीत होतो. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. फोनवर ज्वाळा दिसत होत्या, आणि समोर बसलेल्या बाईंनी मला रुमाल दिला, तो मी घेतला. नाना तिथे वाजवायचे तेव्हा मी विंगेत बसायचो. मंचावर पाऊल टाकण्याआधी ते चपला काढून फळीला हात लावत आणि तो हात कपाळाला लावत. त्या रात्री आमच्या ग्रुपवर प्रत्येकाने काहीतरी लिहिले होते. सर्वांत लांबलचक, रडवणारा मजकूर आतेभावाचा होता. जळालेल्या रंगमंचासाठी रडणारा माणूस, रंगमंचावर झिंगून येणाऱ्याला ‘कलाकार हाय त्यो’ म्हणून कसा सोडतो, हे मला तीन आठवडे कळलेले नाही.

दोष एकट्या गायकाचाही नाही. आपल्याकडे कार्यक्रम ठरला की कार्यकर्ते एकमेकांना विचारतात, ‘‘कलाकाराची सोय केली का?’’ सोय म्हणजे काय, हे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. बाटली दुपारीच खोलीवर पोचते, तीही चांगल्यापैकी, कारण पाहुणचारात आपण कमी पडलो असे कोणी म्हणायला नको. मग संध्याकाळी तिसरी घंटा देणारा माणूस खोलीच्या दाराशी ताटकळतो. मोठ्या कलावंताला ‘नको’ म्हणण्याची हिंमत कोणात नसते, आणि या भिडेलाच आपण आदर समजतो.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो आहे, कारण ती सोय मी स्वतः केलेली आहे. चार वर्षांपूर्वी इथल्या आम्हा मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला महाराष्ट्रातून एक गायक बोलावले होते. विमानतळावरून त्यांना आणायला मीच गेलो होतो, आणि वाटेत त्यांनी मागितले ते मीच दुकानात जाऊन आणले. संध्याकाळी ते खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांना धड उभे राहता येत नव्हते. भाड्याचा हॉल होता, दहाला किल्ली परत द्यायची होती. पहिल्या रांगेत माझी डच शेजारीण आणि तिचा नवरा बसले होते. मी महिनाभर त्यांना आमच्या संगीताविषयी सांगत आलो होतो. दोन गाणी कशीबशी झाली, तिसऱ्यात सूर पूर्ण गेला, आणि मी मंचावर जाऊन दोन्ही भाषांत सांगितले की माइकमध्ये बिघाड झाल्यामुळे कार्यक्रम थांबवावा लागतो आहे. रॉटरडॅमहून तबल्याच्या साथीला आलेला मुलगा माझ्या शेजारीच बसलेला होता. त्याने हातोडी पिशवीत टाकली, तबल्यांना गवसणी घातली आणि एक शब्दही न बोलता शेवटची गाडी पकडायला गेला. शेजारीण जाताना म्हणाली, संध्याकाळ फार ‘खेझेलिख’, म्हणजे आपुलकीची आणि मजेची, झाली. माझी लाज राखायला ती तसे म्हणते आहे, हे मला समजत होते. मी तेव्हा गायकाला सांभाळत नव्हतो. ‘तुमच्याकडे असेच चालते का’ हा प्रश्न मला या देशात कोणाच्या डोळ्यांत पाहायचा नव्हता, म्हणून मी खोटे बोललो, आणि त्या खोट्यात तबल्यावरच्या मुलाची दोन गाण्यांची सारी धडपड गाडली गेली. हे मी ग्रुपवर अजून लिहिलेले नाही. आतेभाऊ हे वाचेल, तेव्हा त्याला कळेल.

म्हणून जानेवारीत दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर मी आईला बहिणीबरोबर रिक्षात बसवले आणि मंचामागे गेलो. गायकांभोवती फोटोसाठी गर्दी होती. तबलजी कनातीच्या कडेला गुडघ्यावर बसून डग्ग्याची गवसणी बांधत होते. मी त्यांना म्हणालो, ‘‘लय तुमची बरोबर होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होती.’’ त्यांनी वर पाहिले, माझे जाड जाकीट आणि बूट पाहिले आणि विचारले, ‘‘पाव्हणं कुठलं म्हणायचं?’’

चौदा वर्षांत हा प्रश्न मला उट्रेख्तमध्ये शेकडो वेळा विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर मला पाठ आहे. तिथे, आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, ते मला पटकन सापडले नाही. ‘‘इथलाच,’’ मी म्हणालो, ‘‘शिवाजी पेठेतला.’’

‘‘मग तुम्हाला नवीन काय सांगायचं,’’ ते म्हणाले, आणि पिशवी खांद्याला अडकवून नाइटचे पाकीट मागायला आयोजकांच्या तंबूकडे गेले.