इंग्रजी आठ

माझे सासरे एकतीस वर्षं मोटार वाहन निरीक्षक होते. म्हणजे आरटीओच्या मैदानावर हातात कागद घेऊन उभं राहायचं आणि लोक दुचाकीवरून आठचा आकडा कसा काढतात ते बघायचं. पाय टेकला की नापास. सोलापूर, सातारा, पुणे अशा बदल्यांमध्ये त्यांनी किती आठ पाहिले असतील, ते चित्रगुप्तच जाणे. कॉलेजात असताना मीही पुण्यात असाच आठ काढायला गेलो होतो आणि दुसऱ्याच वळणावर कोसळता कोसळता सावरलो. "पाय टेकला. पुढच्या आठवड्यात या," एवढंच कानावर आलं. म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची माझी छाती नव्हती. तो आवाज नक्की कुणाचा, हे लग्नाला बारा वर्षं झाली तरी मी घरात विचारलेलं नाही.

तर हे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंडियाना राज्यातल्या कोलंबसला आले. कोलंबस हे कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं गाव, त्यामुळे पुण्याहून आलेले इंजिनियर इथे इतके, की दुकानात कुणाबद्दल मराठीतून काही बोलायचं तर आधी मागे वळून बघावं लागतं. पण सासऱ्यांना माणसांपेक्षा गाड्यांची ओढ. पहिल्याच सकाळी ते फिरून आले ते कपाळावर आठ्या घेऊन. "अहो, इथे पुढे नंबरप्लेटच नाही!" मी म्हटलं, इंडियानात मागेच लावतात. "आणि पासिंग?" मी सांगितलं की इथे खासगी गाडीला वर्षाकाठी वगैरे तपासणी लागत नाही. ते खुर्चीत बसले. सासूबाईंनी पाणी आणलं.

तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "बाबांना कुठेतरी घेऊन जा, नाहीतर ते शेजाऱ्याच्या ट्रकचा इंडिकेटर तपासायला जातील." मी उत्साहात बोलून गेलो, "शनिवारी इंडियानापोलिसला शर्यत बघायला जाऊ."

चूक तिथे झाली. इंडियानापोलिसची शर्यत म्हटल्यावर जगात कुणाच्याही डोळ्यांपुढे जी येते, तीच त्यांच्याही आली. अडीच मैलांचा तो ट्रॅक, १९११ पासूनची पाचशे मैलांची शर्यत, अडीच लाखांच्या वर बसायच्या जागा. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून तयार. मी त्यांना नेलं शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्पीडरोमवर. हा ट्रॅक एक पंचमांश मैलाचा, म्हणजे सव्वातीनशे मीटरच्या आसपास. आमच्या शाळेचं मैदान साधारण एवढंच होतं आणि तिथे बैल बांधलेले असायचे.

पण या इटुकल्या ट्रॅकची ख्याती वेगळी. लंबगोलाच्या पोटात त्यांनी आठचा आकडा बसवलाय आणि गाड्या त्यावरून पळतात. मधोमध फुली. त्या फुलीवरून सगळ्यांनी जायचं, दोन्ही दिशांनी, एकाच वेळी.

सासरे बराच वेळ फुलीकडे बघत राहिले.

"सिग्नल कुठाय?"

"नाही."

"पोलीस?"

"नाही."

"मग आधी जायचं कुणी?"

"ज्याची छाती असेल त्यानं."

"म्हणजे स्वारगेट," ते म्हणाले आणि जरा सैलावून बसले.

खरं तर दोष इंग्रजी आकड्याचा आहे. आपला मराठी आठ बघा. सरळ येतो, एक वळण घेतो, आपल्या वाटेनं निघून जातो. स्वतःला कुठेही आडवा जात नाही. मराठी आकड्यावर शर्यत लावली असती तर एकाही गाडीला ओरखडा गेला नसता (आणि एकही तिकीट खपलं नसतं). इंग्रजी आठाला मात्र स्वतःच्याच पोटातून दोनदा गेल्याशिवाय चैन नाही. त्यात या गाड्यांची इंजिनंही बहुतेक आठ सिलिंडरची. त्या सुरू झाल्या तेव्हा माझे दात वाजायला लागले. कानात घालायचे फोमचे बोळे मी घेतले होते. सासऱ्यांनी नाकारले. "इंजिनचा आवाज ऐकल्याशिवाय गाडीचं काय कळणार?" पुढचे तीन तास ते माझ्याशी ओरडूनच बोलत होते, आणि नंतर दोन दिवस घरातही.

हिरवं निशाण पडलं. पहिल्या दोन-तीन फेऱ्या अगदी सोज्वळ. सगळ्या गाड्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागून एक, सगळी आगगाडी फुली ओलांडते तेव्हा समोरची बाजू रिकामी. मला वाटलं, उगाच घाबरलो. पण गंमत अशी की वेगवान पुढे सरकतात, मंद मागे पडतात आणि ही आगगाडी लांबत जाते. शेवटी इंजिन फिरून फुलीवर येतं तेव्हा शेवटचे डबे अजून तिथेच असतात. तिथून खरा खेळ. चांगला ड्रायव्हर म्हणे ब्रेक मारत नाही. लांबूनच फट हेरायची, पाय किंचित उचलायचा आणि दुसऱ्याच्या शेपटामागून सुईत दोरा ओवावा तसं निघून जायचं. शिवाय साध्या लंबगोलात आयुष्यभर डावीकडेच वळायचं असतं. इथे एक वळण डावीकडे, दुसरं उजवीकडे.

सासऱ्यांनी खिशातून पेन काढलं. तिकिटाच्या मागे ते गाड्यांचे नंबर लिहायला लागले. पुढे फुल्या.

"हा नापास. हात दाखवला नाही. हा नापास. हा तर डबल नापास, आरसाच नाही गाडीला."

"बाबा, त्यांना काचाही नाहीत."

"दिसतंय मला!"

आमच्या पुढच्या बाकावर टोपीवाले एक आजोबा होते, कूलरवर पाय ठेवून बसलेले. पेन-कागद बघून त्यांना वाटलं, हा कुणीतरी जाणकार. त्यांनी आपणहून माहिती पुरवली की इथे १९७७ पासून दर वर्षी या आठावरची मोठी स्पर्धा होते, सलग तीन तास. मी भाषांतर केलं. सासरे म्हणाले, "तीन तास? आमच्याकडे अर्ध्या मिनिटात निकाल लागायचा." हेही मी भाषांतर करून सांगितलं. आजोबांनी टोपी काढली.

सासूबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. डबा उघडला आणि वळणावरून टायरच्या रबराचे बारीक काळे कण उडत आले. "आज तीळ लावलेत वाटतं," म्हणत सासऱ्यांनी दोन दशम्या संपवल्या. टोपीवाल्या आजोबांनी बदल्यात आपलं सँडविच पुढे केलं. इंडियानाचं ते प्रसिद्ध डुकराच्या मांसाचं, पावाच्या चारी बाजूंनी बाहेर लोंबणारं. मी हात जोडून सांगितलं, आज शनिवार.

नऊ वाजून गेले तरी उजेड होता. दिवे लागले आणि शेवटची शर्यत आली. शाळेच्या पिवळ्या बस.

सासरे ताडकन उभे राहिले. शाळेची बस म्हणजे त्यांचा हळवा कोपरा. उभ्या नोकरीत त्यांनी एकाही बसला आपत्कालीन दार तपासल्याशिवाय सोडलं नव्हतं. "रिकाम्या आहेत ना?" त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं. त्या धुडांनी पहिलं वळण घेतलं तेव्हा आतल्या बाजूची चाकं हवेत होती. फुलीवर दोन बस समोरासमोर आल्या. मी डोळे मिटले.

धडाम! आणि त्यापाठोपाठ शेजारून आवाज आला, "घाल! घाल! अरे, दाब की!"

डोळे उघडले तर इस्त्रीचा शर्ट बाहेर आलेला, तिकीट पायाखाली, आणि माझे सासरे टोपीवाल्या आजोबांच्या खांद्यावर थापा मारत होते. एकतीस वर्षं ज्याला ज्याला थांबवलं, त्या सगळ्यांना ते बहुधा त्या रात्री सोडून देत होते. मागचा पत्रा लोंबकळत असलेली एक बस जिंकली. "पास!" सासरे ओरडले. "कायम परवाना!"

परतीच्या पन्नास मिनिटांत ते एक अक्षर बोलले नाहीत. गावात शिरल्यावर चारी बाजूंना 'थांबा' अशी पाटी असलेल्या चौकात मी गाडी पूर्ण थांबवली. रात्रीचे साडेअकरा, चिटपाखरू नाही. ते माझ्याकडे वळले.

"कशाला थांबलात?"

"नियम आहे, बाबा."

"हं," ते म्हणाले. त्या 'हं'मध्ये अशी काही निराशा होती की मला पुन्हा एकोणीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं.

गॅरेजमधला दिवा गेलेला होता. डबा, पाण्याची बाटली आणि सासऱ्यांचं जॅकेट सांभाळत मी पायरी चढायला गेलो, अंदाज चुकला, आणि पडता पडता कसाबसा तोल सावरला.

अंधारातून आवाज आला, "पाय टेकला. पुढच्या आठवड्यात या."