रंग बदलला नाही म्हणजे पाणी चांगलं?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढे जा, राग नाही.

संध्याकाळी महापालिकेच्या पाणी तपासायच्या लॅबमधून येऊन चप्पल काढते न काढते तोच शेजारच्या काकूंची हाक. "अगं ये इकडे, बघ तुमच्या महापालिकेच्या पाण्यातनं काय निघालं!" गेले तर हॉलमधे टाय लावलेला एक मुलगा, टीपॉयवर दोन ग्लास आणि दोन्हीत सळया बुडवलेलं ते प्लगवालं यंत्र. डावीकडे आमचं नळाचं पाणी, उजवीकडे त्याच्या आरओचं. बटण दाबलं, मिनिटभरात नळाच्या ग्लासात हिरवट तपकिरी गाळ, वर फेस, बघून ढवळून येईल असं. आरओचा ग्लास जवळजवळ होता तसाच. "मॅडम, हे रोज तुमच्या पोटात जातंय." आणि काकू माझ्याकडे अशा बघतायत की तो गाळ सकाळी मीच जाऊन टाकीत कालवून आले.

आता तुम्हाला हे सांगायला लागू नये, पण तरी सांगते. त्या सळयांमधे एक लोखंडाची असते. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज जाते, वीज गेली की लोखंड विरघळतं आणि त्याचाच गंज गाळ होऊन तरंगतो. तो गाळ पाण्यातला नाही, सळईतला आहे! आरओच्या पाण्यात क्षार फारसे उरलेले नसतात, वीज जेमतेम जाते, सळई झिजत नाही, झालं. मी म्हटलं काकू, जरा चिमूटभर मीठ आणा, त्याच्या त्या शुद्ध ग्लासात टाकू आणि परत बटण दाबू. काकू आत गेल्या तेवढ्यात पोराने प्लग काढून यंत्र बॅगेत. "तसं करायची कंपनीची परवानगी नाही मॅडम." परवानगी!

आणि काकूंनी मशीन बुक केलं. माझ्यासमोर. "तुझंही खरं असेल गं, पण डोळ्यांनी दिसलं ना."

डोळ्यांनी दिसलं. हे वाक्य ऐकलं की मला एक आजी आठवतात. नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं.

नोकरीला लागून सहा महिने झाले असतील. टेल एंडला, म्हणजे पाइपलाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला, सॅम्पल घ्यायला पाठवलं होतं. तेव्हा आम्ही क्लोरीन तपासायला ओटी (ऑर्थोटोलिडिन) नावाचं रसायन वापरायचो. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, मग तो पिवळा क्लोरोस्कोपच्या चकतीवरच्या रंगाशी जुळवायचा. (आता डीपीडीची गोळी आहे, ती गुलाबी होते, दिसायलाही छान.) आजी हंडा भरत होत्या, मी नळी धरली, थेंब टाकले, हलवलं. काही नाही. परत घेतलं. काही नाही, भिंगासारखं स्वच्छ. आजी शेजारी उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाल्या, "बघ बाई, एवढं औषध टाकलंस तरी पाण्याचा रंग बदलला नाही. चोख आहे आमचं पाणी."

मी हसले. काय सांगणार होते?

आमच्या धंद्यात सगळं हे असं उलटं आहे बघा. रंग आला तर जीव भांड्यात पडतो आणि पाणी नितळ राहिलं की पोटात गोळा येतो. नळाला थोडा क्लोरीनचा वास आला की लोक फोन करून शिव्या देतात. अहो, तो लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन घरापर्यंत शिल्लक राहावा म्हणून तर सगळी मरमर चाललेली असते. प्लँटवर पाणी जंतुमुक्त करणं तसं सोपं आहे, पण पुढे कित्येक किलोमीटर पाइपातून जाताना त्याची राखण करायला कोणीतरी सोबत जायला पाहिजे ना, ते काम हा उरलेला क्लोरीन करतो. तो संपला की पाणी एकटं आहे.

आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार! तो पेनासारखा मीटर ज्याने शोधला त्याचं काही वाईट नाही, पण तो ज्याने घरोघरी वाटला त्याला मला एकदा भेटायचंय. तो मीटर पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. बस. जंतू त्याला दिसत नाहीत. पावसाचं पाणी साठलेल्या डबक्यात बुडवा, आकडा झकास कमी येईल, प्याल का? डब्ल्यूएचओने टीडीएसला तब्येतीच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही, लिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या आत चवीला चांगलं आणि हजाराच्या वर गेलं की चव बिघडत जाते एवढंच म्हटलंय. पण आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज कोणीतरी आकड्याचा फोटो टाकणार, ४० आलं, ३५ आलं, जसं काही पोराचं शुगर कंट्रोलमधे आलं.

बरं, हो, आरओ लागतो काही ठिकाणी. पाणी मचूळ असेल, फ्लोराइड असेल, आर्सेनिक असेल तर लागतोच, तिथे मी काही बोलणार नाही. पण बरं पाणी येतंय तिथे आरओ लावायचा म्हणजे एक ग्लास प्यायला आणि त्याहून जास्त मोरीत. वर त्याच्या आतला कार्बन फिल्टर आधी क्लोरीनच काढून टाकतो. म्हणजे आम्ही राखण करायला पाठवलेला माणूस तुम्ही दारातच हाकलला, आणि मग ते पाणी मशीनच्या टाकीत दोन दिवस बसून राहणार. त्या टाकीचं सॅम्पल कधी कोणी घेतलंय? नाही. कारण मीटरवर ३५ आलंय ना!

असो. शांत होते.

चिडचिड खरं तर त्या मुलावर नाहीच, त्याला टार्गेट असेल. काकूंवरही नाही. आम्ही काय करतो हे कोणाला दिसतच नाही. पाणी गढूळ यायला लागलं की रात्री अपरात्री जार टेस्ट लावायची, सहा जारमधे तुरटीचा वेगवेगळा डोस, आधी जोरात ढवळायचं, मग हळूहळू, मग नुसतं बघत बसायचं की कुठल्या जारमधे गाळ पटकन खाली बसतो. तो आकडा प्लँटवर कळवायचा. सकाळी तुम्ही नळ सोडता, पाणी स्वच्छ, तुम्ही विसरून जाता. विसरायलाच पाहिजे, पाणी आहे ते.

किंवा सॅम्पलची बाटली. जंतूंसाठीच्या बाटलीत आम्ही आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट टाकून ठेवतो. का? तर लॅबपर्यंत येताना पाण्यातला क्लोरीन बाटलीतसुद्धा जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा चांगला येतो. म्हणजे आपलाच रिपोर्ट चुकून चांगला येऊ नये म्हणून आम्ही औषध घालतो. हे मी कोणाला सांगितलं की लोक हसतात. मला मात्र या नोकरीतलं सगळ्यात आवडतं काम हेच आहे.

आता कोणीतरी कमेंटमधे येईल की तुमच्या लाइन फुटक्या आहेत. आहेत. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब जातो आणि गळतीच्या जागेतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं, हेही खरं. आणि रिपोर्ट लोकांना कळेल असा कुठे लावत नाहीत, हे तर अगदी खरं. झालं समाधान?

परत त्या आजींकडे येते, कारण खरं सांगायचं ते अजून सांगितलंच नाहीये.

लॅबमधे येऊन रजिस्टर उघडलं आणि साहेबांना म्हटलं, सर, टेल एंडला शून्य आहे. ते वर न बघता म्हणाले, "अगं टेल एंडला थोडं कमी येणारच. हलका पिवळा असेल, तुझ्या लक्षात आला नसेल. ०.२ लिही. शून्य लिहिलंस तर खुलासा कोण देणार, तू?"

मी ०.२ लिहिलं.

लिहिलं हो. सहा महिन्यांची नोकरी, प्रोबेशन, कारणं भरपूर आहेत, आजही मी ती स्वतःला सांगते. निळ्या शाईत, सुंदर अक्षरात, ०.२.

कॅनडात वॉकर्टन म्हणून एक गाव आहे, पाच हजाराच्या आतबाहेर वस्ती. मे २००० मधे जोराचा पाऊस झाला, शेतातलं शेण एका उथळ विहिरीत उतरलं. क्लोरीन पुरेसा नव्हता, पण पाणीपुरवठ्याची माणसं वर्षानुवर्षं रजिस्टरमधे ०.५, ०.७५ असे आकडे न मोजताच लिहीत होती. लॅबने दूषित म्हणून रिपोर्ट पाठवला तोही दाबून ठेवला. ७ माणसं गेली, २३०० च्या आसपास आजारी पडली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती माणसं मला राक्षस वगैरे वाटायला हवी होती. नाही वाटली. मला त्यांचं रजिस्टर डोळ्यासमोर आलं, आणि अक्षर माझं.

मला सुटका अशी मिळाली की त्याच पाण्याच्या दुसऱ्या बाटलीची जंतूंची टेस्ट मी आल्याआल्या लावून ठेवली होती. जंतू वाढवायचं जांभळं माध्यम भरलेल्या नळ्या, आत एक इवलीशी उलटी नळी, रात्रभर इन्क्युबेटरमधे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी लॅबमधे पोचले. दार उघडलं तर जांभळ्या नळ्या पिवळ्या झालेल्या, आणि आतल्या उलट्या नळीत गॅसचा बुडबुडा, म्हणजे पाण्यात जंतू असल्याची खूण. आदल्या दिवशी आजींच्या दारात ज्या पिवळ्याची मी वाट बघत होते तो एक दिवस उशिरा, भलत्याच नळीत आला होता. आणि हंडा तर कालच भरून झाला होता.

जंतूंच्या टेस्टचं हे असंच आहे, पक्का निकाल यायला आणखी दिवस लागतात आणि उत्तर येईपर्यंत पाणी पिऊन झालेलं असतं. आत्ता, या क्षणी काय ते सांगणारी एकच गोष्ट आपल्या हातात असते, ती ओटीची नळी. आणि तिचंच मी खोटं लिहिलं होतं.

रजिस्टरमधे ०.२ वर रेघ मारली. (खाडाखोड चालत नाही, एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही.) शून्य लिहिलं आणि नळ्यांचा स्टँड उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते बराच वेळ नुसते बघत बसले. मग काही न बोलता फोन उचलला. तिकडच्या टाकीवरची क्लोरीन सोडायची, डोसिंगची नळी टीसीएलच्या (म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या) चुन्याने चोंदली होती, दोन दिवस. दुपारी डोस चालू झाला, लाइन फ्लश केली, संध्याकाळी टेल एंडला पिवळा आला. तो मी बघायला गेले नाही, फिटरने फोनवर सांगितलं. खुलासा साहेबांनी स्वतःच्या सहीने दिला, हेही लिहायला पाहिजे.

त्या भागात तेव्हा कोणाचं पोट बिघडलं का, मी विचारलं नाही. आजींच्या घरावरून त्यानंतर कितीदा तरी गेले असेन, पण सॅम्पल मात्र नेहमी पुढच्या गल्लीतून घेतलं.

हे टाइप करता करता काकूंचा मेसेज आला. "मशीन शनिवारी बसवतायत. येऊन टीडीएस बघून देशील का?" खाली हसणारा चेहरा.

जाणार आहे. टीडीएस बघेन, पस्तीस आहे म्हणून सांगेन, त्या खूश होतील. पण महिनाभराने परत जाईन आणि त्या मशीनच्या नळाचं सॅम्पल घेऊन येईन. तिथे क्लोरीन काही सापडायचा नाही, त्यामुळे थायोसल्फेटची गरज नाही खरं तर, पण सवयीने घालीनच. काकूंना आधीच सांगून ठेवलंय की उत्तर लगेच मिळणार नाही.