ओझेम्पिकमध्ये सरड्याचं विष नसतं

‘ओझेम्पिक विषारी सरड्याच्या विषापासून बनवतात’ असा मेसेज फिरतोय, सोबत गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याचा काळा-केशरी फोटो. ओझेम्पिक म्हणजे मधुमेहाचं इंजेक्शन. यात थोडं तथ्य आहे, पण औषध भलतंच पकडलंय.

गिला मॉन्स्टर अमेरिकेच्या नैऋत्येला आणि उत्तर मेक्सिकोत राहतो. त्याच्या विषग्रंथी खालच्या जबड्यात असतात, सापासारख्या वर नाहीत. त्याच्या विषात अमेरिकी संशोधक डॉ. जॉन एंग यांना एक्सेंडिन-४ सापडलं, ३९ अमिनो आम्लांची साखळी. संशोधन छापून आलं १९९२ मध्ये. आपल्या आतड्यातलं जीएलपी-१ हे संप्रेरक (हॉर्मोन) जेवणानंतर इन्सुलिन वाढवतं, पण रक्तात दोनेक मिनिटांत तुटतं. एक्सेंडिन तेच काम करतं, पण त्यातलं दुसरं अमिनो आम्ल वेगळं असल्यामुळे तोडणाऱ्या विकराची (एन्झाइमची) डाळ शिजत नाही. त्यावरून एक्सेनाटाइड हे मधुमेहाचं औषध आलं. अमेरिकेत मंजुरी २००५. तेही कारखान्यात जुळवलेलं, सरडे पिळून काढलेलं नव्हे!

ओझेम्पिकमधलं सेमाग्लुटाइड मात्र मानवी जीएलपी-१ वरच बेतलेलं आहे. त्याची साखळी यीस्टकडून करून घेतात आणि रक्तात टिकावं म्हणून तिला स्निग्धाम्ल (फॅटी ॲसिड) जोडतात.

आणि हो, यावरून कुणी घोरपडीचं तेल खपवायला आलाच, तर घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिची शिकार आणि विक्री हा गुन्हा.