मँचेस्टर युनायटेडचं कट्टर फॅन व्हायचंय? आधी इतिहास पाठ करा

फुटबॉलचा क्लब निवडताना बरीच पोरं एक घोळ करतात, टीम सध्या कशी खेळते ते बघतात. असं अजिबात करू नका. सध्या चांगलं खेळणाऱ्या टीमचा फॅन कोणीही होतो, त्यात काय मोठं, मालवणच्या जेटीवर परवापासून फुटबॉल बघायला लागलेली पोरं पण मँचेस्टर सिटीची आकाशी जर्सी घालून सिटी सिटी करत फिरतायत. तुम्हाला घराणं असलेला क्लब हवाय, आणि कोकणात राहून घराण्याशिवाय चालतच नाही, तर डोळे मिटून मँचेस्टर युनायटेड घ्या. इंग्लंडची लीग २० वेळा, एफए कप १३ वेळा, युरोपियन कप ३ वेळा. हे तीन आकडे पाठ करा, बाकी ऑफसाइड कशाला म्हणतात ते नाही कळलं तरी निभावतं. शेवटची लीग कधी जिंकली असं कोणी खोदून विचारलंच तर २०१३ असं तोंडातून काढू नका, "सर अ‍ॅलेक्सच्या शेवटच्या सीझनला" असं म्हणा, म्हणजे मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनच्या, समोरचा वर्षं मोजेपर्यंत तुम्ही दुसऱ्या विषयावर पोचलेले असता.

इतिहास १८७८ पासून सुरू करायचा. मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागात लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेचं डबे बनवायचं वर्कशॉप होतं, तिथल्या कामगारांनी ही टीम काढली, जर्सी हिरवी आणि सोनेरी. लाल नंतर आला. रेल्वेवाल्यांचा क्लब आणि आपल्याकडे कोकण रेल्वे, म्हणजे नातं लागतंच की. लागत नाही खरं तर, पण लावा, आपल्याकडे नातं लावताना पुरावा कोण मागतो. मग १९०२ ला क्लब कर्जात बुडाला, पार टाळं लागायची वेळ, आणि तेव्हा म्हणे कॅप्टन हॅरी स्टॅफर्डचा सेंट बर्नार्ड कुत्रा हरवला आणि तो सापडला बिअरचा कारखाना असलेल्या जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या माणसाला, त्यातून ओळख झाली, त्याने क्लबमध्ये पैसे घातले आणि नाव पडलं मँचेस्टर युनायटेड. पैसे डेव्हिसने घातले आणि नाव तेव्हाच बदललं एवढं पक्कं. कुत्र्याचं किती खरं आणि किती मागाहून वाढवलेलं यात तुम्ही पडू नका, थोडी वाढवल्याशिवाय गोष्ट गावात टिकत नाही.

१९५८ ला आलात की मात्र मस्करी बंद. ६ फेब्रुवारी, बेलग्रेडला रेड स्टारशी ३-३ करून टीम परत येत होती, म्युनिकला इंधन भरायला विमान थांबलं, धावपट्टीवर बर्फाचा चिखल, दोनदा उड्डाण सोडून दिलं आणि तिसऱ्यांदा केलं ते गेलंच. २३ माणसं मेली त्यात ८ खेळाडू, डंकन एडवर्ड्स फक्त २१ वर्षांचा, तो पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये झुंजून गेला. मॅनेजर मॅट बस्बी जगला, बॉबी चार्लटन जगला, आणि दहा वर्षांनी, १९६८ ला वेम्बलीवर बेनफिकाला ४-१ ने हरवून युरोपियन कप आणला त्यात दोन गोल त्याच चार्लटनचे. अख्ख्या इतिहासात एवढाच भाग असा आहे जो सांगताना पदरचं काही घालावं लागत नाही. घालूही नका.

त्यानंतर लगेच १९९९ वर उडी मारायची. मधलं गाळायचं. कारण मध्ये काय आहे, तर युरोप जिंकून सहा वर्षं होतायत तोच १९७४ ला क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला. शेवटच्या दिवसांत सिटीकडून हरले, आणि गोल कोणी मारला, डेनिस लॉने, जो दशकभर आपलाच हिरो होता, त्याने टाचेने मारला आणि आनंद करायचा सोडून मान खाली घालून उभा राहिला. हे कोणी काढलंच तर तुमच्याकडे उत्तर तयार हवं, की त्या दिवशीचे इतर निकालच असे लागले होते की लॉने गोल मारला नसता तरी आपण खाली जाणारच होतो. या उत्तराने आपली बाजू सावरते की अजून बुडते याचा फार विचार करू नका, ठासून बोललं की झालं. आणि १९६७ नंतर पुढची लीग थेट १९९३ ला, मध्ये २६ वर्षं, यांचा उल्लेख करायचा झाला तर "पायाभरणीचा काळ" असा करावा.

१९९९ ची युरोपियन कपची फायनल तुम्ही लाइव्ह बघितलेली असणं सक्तीचं आहे. तुमचा जन्म २००३ चा असला तरी. तारीख सगळे २६ मे सांगतात, तुम्ही म्हणा की आपल्याकडे मॅच सुरू झाली तेव्हा रात्रीचे सव्वाबारा वाजून गेलेले, म्हणजे आपल्यासाठी २७ मे. या एका वाक्यावर तुम्ही साक्षीदार ठरता. पुढे डिटेल द्यायचे: बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ स्टेडियम, समोर जर्मनीचं बायर्न म्युनिक, सहाव्या मिनिटाला बास्लरची फ्री किक आत. आपले कीन आणि स्कोल्स दोघं सस्पेन्ड. नव्वद मिनिटं संपली तरी ०-१, आणि एक्स्ट्रा मिळाली फक्त तीन मिनिटं. बेकहॅमचा कॉर्नर, शेरिंगहॅम, १-१. परत बेकहॅमचा कॉर्नर, शेरिंगहॅमचं डोकं, सोल्शारचा पाय, २-१. इथे आवाज खाली आणून युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, अध्यक्षांचा किस्सा घालायचा, ते बिचारे बायर्नला कप द्यायचा म्हणून लिफ्टने खाली निघालेले, बाहेर येऊन बघतात तर जिंकलेले रडतायत आणि हरलेले नाचतायत, त्यांना काही कळेचना. एवढं सांगेपर्यंत समोरच्याची कॉफी संपलेली असते आणि बिल तोच देतो. वेंगुर्ल्यात तरी देतात.

आता वर्तमान. ते सांगायची वेळ येऊच नये, पण आली तर ज्याच्या घरी भाऊबंदकी आहे त्याला युनायटेड समजावायला पाच मिनिटं पुरतात. फर्ग्युसन म्हणजे घरातला कर्ता पुरुष, २६ वर्षं सगळं एकहाती सांभाळलं, १३ लीग घरात आणून ठेवल्या आणि २०१३ ला रिटायर झाला. मालक त्याच्या आधीच बदललेले. २००५ ला अमेरिकेच्या माल्कम ग्लेझरने क्लब घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज ठेवलं क्लबच्याच डोक्यावर, म्हणजे घर विकत घ्यायचं आणि हप्ते घरानेच भरायचे. २०१४ ला माल्कम वारला, मागे मुलं सहा. सातबाऱ्यावर सहा नावं लागली की पुढे काय होतं ते कुडाळच्या तहसील ऑफिसच्या बाहेर कोणालाही विचारा. छप्पर कोणी शाकारायचं? मे २०२४ मध्ये आर्सेनलकडून ०-१ हरलो त्या दिवशी मँचेस्टरला असा पाऊस पडला की आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमच्या कोपऱ्यातून धबधबा सुरू, लोक खाली उभे राहून व्हिडिओ काढतायत. त्याच वर्षी जिम रॅटक्लिफ नावाच्या इंग्लिश उद्योगपतीने साधारण २८ टक्के हिस्सा घेतला, त्याने आल्या आल्या नोकरकपात केली, मग स्टाफचं फुकट जेवण बंद करून तिथे फळं ठेवली, हा पण नमुना आपल्याकडे असतोच, गणपतीला मुंबईहून येतो आणि पहिला चहाच्या दुधाचा हिशोब मागतो. आणि वर २०२५ मध्ये जाहीर काय केलं तर एक लाख सीटचं नवीन स्टेडियम, वरून मोठ्या छत्रीसारखं छत. जुनं गळतंय ते गळतंय.

पोग्बाचं प्रकरण पण याच खात्यात. २०१२ ला स्वतःच्या अकादमीतला पोरगा जवळजवळ फुकट इटलीच्या युवेंटसला जाऊ दिला, २०१६ ला तोच ८९ मिलियन पाउंड मोजून परत आणला, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड, आणि २०२२ ला परत फुकट सोडला. आंब्याची कलमं मातीमोल विकून तीच बागायत दामदुपटीने परत घेणारे मला आमच्याच तालुक्यात माहीत आहेत, पण त्यांनी निदान दुसऱ्यांदा फुकट दिली नाही.

हरल्यावर काय करायचं हे फॅनला यायलाच हवं कारण प्रॅक्टिस भरपूर होणारे. २०२३ च्या मार्चमध्ये लिव्हरपूलने ७-० मारले. २०२४-२५ ला लीगमध्ये १५ वा नंबर. त्याच सीझनला बिल्बाओला युरोपा लीगची फायनल गाठली आणि ०-१ हरलो, टॉटनहॅमकडून, जे लीगमध्ये १७ वे होते. मग ऑगस्टमध्ये चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीने लीग कपमधून पेनल्टीवर १२-११ ने बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर काका विचारणारच, "काय रे, काल पण हरलंस मां?" जणू काही तुम्हीच पेनल्टी मारायला गेला होता. उत्तर द्यायचं, "काका, लिव्हरपूलला १९९० नंतर लीग मिळाली ती थेट २०२० ला, तीस वर्षं थांबले." काकांना लिव्हरपूल म्हणजे काय ते माहीत नसतं त्यामुळे इथे तुम्ही जिंकता. लिव्हरपूलचा फॅन समोर असेल तर मात्र हे वाक्य वापरू नका, कारण २०२५ ला त्यांच्याही २० लीग झाल्यात आणि तो ते सांगायला टपलेलाच असतो.

जर्सी जुनीच घ्या, छातीवर शार्प या जुन्या स्पॉन्सरचं नाव लिहिलेली, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाली तर बघा. नवीन जर्सीत माणूस ताजा पराभूत दिसतो, जुनीत अभ्यासू वाटतो.

म्हापशावरून आठवलं, एक धोका राहिला. पेडण्याचा मावसभाऊ. हा माणूस जत्रेला येतो, जेवायला बसतो आणि धेंपोचं नाव काढतो. धेंपो म्हणजे पणजीचा क्लब, आपल्यापासून मोजून दोन तासांवर, आणि तुम्हाला त्यातलं काही माहीत असता कामा नये. सात हजार किलोमीटरच्या पलीकडचा हॅरी स्टॅफर्डचा कुत्रा माहीत हवा पण धेंपोचा कोच आर्मांदो कुलासो माहीत नको. धेंपोने २००४-०५ आणि २००६-०७ ला नॅशनल लीग जिंकली, मग तिच्या जागी आय-लीग सुरू झाली तर पहिलीच जिंकली, मग २०१० ला, मग २०१२ ला, आठ सीझनमध्ये देशाचं पाच वेळा विजेतेपद. २००८ ला आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपची सेमी फायनल. २०११ ला एअर इंडियाला १४-० मारले. त्यांचा स्ट्रायकर रँटी मार्टिन्स गोलांवर गोल करत होता आणि आपण तेव्हा इकडे केबलवाल्याशी इंग्लिश चॅनलसाठी भांडत होतो. २०१५ ला ते खाली घसरले, २०१६ ला दुसरी डिव्हिजन जिंकून परत वर आले आणि त्याच वर्षी फेडरेशनचा लीगचा नवा आराखडा पटला नाही म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवासोबत आय-लीगच सोडून दिली. परत आय-लीगमध्ये यायला २०२४ उजाडलं.

मावसभाऊ हे सगळं सोलकढीची वाटी तोंडाला लावता लावता सांगतो आणि शेवटी विचारतो, तुम्ही लोक कधी फातोर्ड्याला मॅच बघायला आलात काय रे? उत्तर देऊ नका. त्याच्या ताटात एक तळलेला बांगडा सरकवा आणि विषय पावसावर न्या. पावसावर पण नको म्हणा, तो धबधब्याचा व्हिडिओ त्याच्या मोबाईलमध्ये असेल.