आधी पंचनामा की आधी समुपदेशन?

महाराष्ट्रात पूर आला किंवा दरड कोसळली की आठवडाभरात एक वाद ठरलेला असतो. मी तो इथे न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चमध्ये बसून मोबाईलवर वाचत असते. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यातली शेतं मातीसकट खरवडून गेली, तेव्हाही तो झाला. एक बाजू म्हणते, शेतकऱ्यांशी बोलायला समुपदेशकांची पथकं पाठवा. दुसरी म्हणते, बोलून पोट भरतं का? आधी पंचनामे करा, पैसे खात्यात टाका.

मी दुसऱ्या बाजूची आहे, पण कारण वेगळं आहे. माझ्या मते वेळेवर झालेला पंचनामा हाच मनावरचा पहिला उपचार असतो.

ख्राइस्टचर्चचा मोठा भूकंप 22 फेब्रुवारी 2011 चा. 185 माणसं गेली, त्यांतली 115 एकट्या सीटीव्ही या दूरचित्रवाणी केंद्राच्या कोसळलेल्या इमारतीत. त्यानंतरच्या लहानमोठ्या हादऱ्यांची मोजदाद दहा हजारांच्या वर गेली. पुढे पुनर्बांधणी प्राधिकरण दर काही महिन्यांनी लोकांना विचारायचं, तुम्हाला ताण कशाचा आहे? उत्तरांत विमा कंपन्या आणि सरकारी भूकंप आयोगाशी चाललेली झटापट वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांत असायची. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या भिंतीचा तडा एका निरीक्षकाने किरकोळ ठरवला. दुसऱ्याने पाया तपासायला सांगितला. तिसऱ्याकडे आधीच्या दोघांचे कागदच पोहोचले नव्हते, म्हणून सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून. हादऱ्यांची सवय होते हो, त्या फायलीची काही झाली नाही.

इथल्या व्यवस्थेने केलेली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. भूकंपग्रस्त कुटुंबांसाठी समन्वयक नेमले गेले. घर, विमा, शाळा, डॉक्टर, काहीही अडलं की त्याच ओळखीच्या माणसाला फोन करायचा. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. पण कोण खचत चाललंय हे त्याला आधी कळायचं, कारण तो कागदांच्या निमित्ताने घरात येत-जात असायचा. मन मोकळं करायला म्हणून दार उघडायला संकोच वाटतो, कागदावर सही करायला वाटत नाही.

आणि समुपदेशकांच्या पथकांबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी ऐकावी. घडलेलं सगळं लगेच बोलून टाकायला लावणारी एकदाच घेतली जाणारी बैठक पुढचा मानसिक आजार टाळत नाही, काहींना उलट त्रासच होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतही कुणाला बोलायला भाग पाडू नये असंच सांगितलं आहे. परिस्थिती पाहा, माणूस बोलेल तेवढं ऐका आणि त्याला हवी ती मदत जोडून द्या, एवढाच तिचा गाभा. छावणीत कॅमेरा घेऊन ‘त्या रात्री काय झालं’ विचारणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणत नाही. ख्राइस्टचर्चने ‘रेड झोन’ म्हणजे राहायला अयोग्य ठरवलेला भाग आखून सुमारे आठ हजार घरांची वस्ती उठवली. भरपाई मिळाली, शेजार विस्कटला. किल्लारीत 1993 च्या भूकंपानंतर हेच झालं होतं. बावन्न गावं नव्या जागी गेली, सरळ रुंद रस्ते आले, घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे वाटली गेली आणि जुन्या गल्ल्यांमधली माणसं एकमेकांपासून लांब पडली. पुनर्वसनाचा नकाशा काढणाऱ्यांच्या बैठकीत मानसिक आरोग्याचा माणूस बसला पाहिजे तो यासाठी. घरं बांधून झाल्यावर त्याला बोलावून उपयोग काय?

इर्शाळवाडीत 2023 मध्ये दरड कोसळली, 27 मृतदेह मिळाले आणि 57 जण बेपत्ताच राहिले. ज्यांना अंत्यसंस्कारही करता आले नाहीत, त्यांचं दुःख नुसत्या भरपाईच्या धनादेशाने हलकं होत नाही, हे मलाही मान्य आहे. तिथे जाणत्या डॉक्टरची, दीर्घकाळच्या उपचारांची गरज पडते. कागदावर आपण मागे नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची याच विषयावरची मार्गदर्शक तत्त्वं 2009 मधली आहेत, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून सुरू आहे. पण ज्याचं घर वाहून गेलंय त्याच्या हातात हा क्रमांक देणार कोण?

इथे कुणीतरी आशाताईंचं नाव घेईल. त्यांच्या डोक्यावर आधीच किती कामं आहेत! हेही काम त्यांना द्यायचंच असेल तर वेगळं मानधन ठरवून द्या आणि मुदत किमान दोन वर्षांची ठेवा. सोबत तहसीलमधल्या एका अधिकाऱ्याचा थेट नंबर द्या, जो अर्ज कुठे अडलाय आणि कधीपर्यंत निकाल लागेल हे तारखेसह सांगायला बांधील असेल. तारीख लांबली तर तसं कळवणंही त्याचंच काम.