‘आधी स्विंग, मग शाफ्ट’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

गोल्फच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबच्या, शाफ्टवरच्या (दांड्यावरच्या) लेखाखाली तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फिटिंग, म्हणजे खेळाडूच्या मापाने क्लब ठरवून घेणं, हा खर्च वाढवायचा मार्ग आहे, रविवारी खेळणाऱ्याला त्याची गरज नाही. आधी स्विंग सुधारावा, शाफ्ट बदलून स्लाइस (चेंडू वळत बाजूला जाणं) जात नाही. क्लबचा स्पीड ताशी ९५ मैलांच्या वर असेल तर स्टिफ (ताठ) शाफ्ट घ्यावा, नाहीतर रेग्युलर (त्याहून लवचिक). टायगर वुड्स काय फिटिंगमुळे मोठा झाला? आणि एवढ्यासाठी नागपूरहून मुंबईला कोण जाणार?

शाफ्ट बदलून स्लाइस जात नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. क्लब बाहेरून आत येतोय आणि फेस (डोक्याची चेंडूला लागणारी बाजू) त्या मार्गाच्या मानाने उघडा आहे, तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे वळणारच. त्यावर उपाय कोचकडेच आहे.

पण ‘आधी स्विंग, मग शाफ्ट’ हा क्रम मला पटत नाही, कारण स्विंग हातातल्या क्लबच्या बेतानेच घडतो. मोठ्या भावाची जड बॅट घेऊन खेळायला लागलेला पोरगा आडवाच मारायला शिकतो, मग कोच कितीही सांगो. ड्रायव्हर फार लांब असेल तर चेंडू फेसच्या मधोमध लागत नाही, म्हणून माणूस नकळत हात आखडतो, अंग उचलतो. शाफ्ट फार हलका असेल तर क्लबचं डोकं कुठे आहे तेच कळत नाही आणि वरून खाली येताना घाई होते. अशा सवयी दोन वर्षं मुरल्या की कोच त्या खेळाडूशी झगडत बसतो, आणि खरं कारण बॅगेतच राहतं.

टायगरचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. १९९७ ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा तो १२ फटक्यांनी जिंकला तेव्हा त्याचा ड्रायव्हर ४३.५ इंचांचा होता, स्टीलच्या शाफ्टचा. शाफ्टसाठी हलकं ग्राफाइट तेव्हा सर्रास मिळत होतं, लांब क्लबही मिळत होते. जगात सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एक माणूस विचारपूर्वक आखूड आणि जड क्लब वापरत होता. आज दुकानातून आपण जो ड्रायव्हर उचलतो तो बहुधा साडेपंचेचाळीस इंचांचा किंवा त्याहून लांब असतो. त्याच्यापेक्षा दोन इंच जास्त लांबी आपल्याला कशाच्या जोरावर झेपावी?

आता ते ९५ आणि स्टिफ. काका, शाफ्टवरच्या आर (रेग्युलर), एस (स्टिफ), एक्स (एक्स्ट्रा स्टिफ) या अक्षरांना सर्व कंपन्यांना बांधणारं कुठलंही मानक नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका ताठ निघू शकतो. शिवाय स्पीड सारखा असला तरी स्विंग सारखा नसतो. एक जण वरून झटक्यात खाली येतो, दुसरा संथपणे, आणि शाफ्टवरचा भार दोघांचा वेगळा. चेंडूला लागतानाच्या क्षणी शाफ्ट थोडा पुढे वाकलेला असतो, त्यामुळे लॉफ्ट (फेसचा वर झुकलेला कोन) वाढतो. तो किती वाकेल हे तक्ता सांगू शकत नाही, फटका मारूनच कळतं.

माझ्या मते सामान्य खेळाडूने फ्लेक्सच्या (शाफ्टच्या लवचिकपणाच्या) आधी वजन आणि लांबी पाहावी. चांगला फिटरही तेच करतो. आधी तुमच्याच ड्रायव्हरने चेंडू मारायला लावतो, म्हणजे तुलनेला पाया मिळतो. मग एकाच डोक्यावर ५०, ६०, ७० ग्रॅमचे शाफ्ट लावून बघतो. लॉन्च मॉनिटर या मोजणीच्या यंत्रावर क्लबचा वेग, चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन आणि स्पिन दिसतात. यात चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग, म्हणजे स्मॅश फॅक्टर, मला सर्वांत बोलका वाटतो. ड्रायव्हरला तो १.५ च्या आसपास थांबतो. क्लबचा वेग ताशी ९० मैल धरा. स्मॅश १.३८ असेल तर चेंडू १२४ ने निघतो, १.४६ झाला तर १३१ ने. साधारण चौदा यार्डांचा फरक, तोही जास्त जोर न लावता, फक्त मधोमध लागल्यामुळे. मात्र एक सर्वांत लांब गेलेला चेंडू बघून शाफ्ट निवडू नका. दहा चेंडू किती जवळजवळ पडले ते बघा.

आपल्या नागपूरचंही सांगायला हवं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या हवेत घनता कमी असते, चेंडू थोडा पुढेच जातो, आणि वाळून कडक झालेल्या काळ्या मातीवर पडून आणखी पळतो. त्या दिवसांत लागलेल्या लांबीवरून शाफ्ट चांगला ठरवला तर पावसाळ्यात ओल्या फेअरवेवर निराशा होते. म्हणून कॅरीचा, म्हणजे चेंडू हवेतून पहिल्यांदा जमिनीवर पडेपर्यंतच्या अंतराचा, आकडा धरावा, एकूण लांबीचा नव्हे. आणि उन्हाळ्यात क्लब गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. त्या उष्णतेने डोकं आणि शाफ्ट जोडणारं इपॉक्सी कमजोर होतं.

विक्रीच्या दबावाची तुमची शंका रास्त आहे. शाफ्ट विकला गेला तर फिटरला फायदा होतो, हे उघड आहे. म्हणून आधीच सांगा की फी देतो, आज काही विकत घेणार नाही, सगळे आकडे लिहून द्या. त्याला कां-कूं करणाऱ्याकडे जाऊच नका. ‘आहे तो शाफ्ट ठेवा, फक्त लांबी कमी करा’ हाही फिटिंगचा निकाल असू शकतो आणि मला तो सर्वांत समाधानाचा वाटतो.

मुंबईचं तिकीट काढायच्या आधी घरच्या सराव-रेंजवर एवढं करून बघा. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठसठशीत ठिपका काढा, तो ठिपका फेसकडे येईल असा चेंडू टीवर ठेवा आणि मारा. डाग कुठे उमटला ते फेसवर दिसतं. दहा चेंडू नेहमीच्या ग्रिपने, दहा ग्रिप एक इंच खाली धरून. दुसऱ्या वेळी डाग मध्याकडे सरकले तर लांबी तुम्हाला जास्त आहे. लगेच कापून मात्र घेऊ नका. एक इंच कापला की स्विंगवेट (क्लब फिरवताना डोक्याकडचा भार किती जाणवतो त्याचं माप) साधारण सहा अंकांनी उतरतं, डी २ चं सी ६ होतं, आणि क्लब हातात पोकळ वाटतो. ते भरून काढायला डोक्यावर बारा-एक ग्रॅम वजन चढवावं लागतं. आधी शिशाची टेप लावून बघा, मग ठरवा.

डागांचा फोटो, क्लबची लांबी आणि शाफ्टवर छापलेलं वजन इथे टाका. पुढे काय तपासायचं ते आपण मिळून बघू.