मिग चौकात नको, छपराखाली हवं

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि आमच्या नाशिककरांच्या ग्रुपवर एकच मागणी सुरू झाली: एक मिग आपल्याकडे चौकात उभं करा. भावना कळते. नाशिकजवळचा ओझरचा विमानकारखाना १९६० च्या दशकात निघाला तोच या विमानासाठी, आणि कितीतरी घरांतले वडील-काका तिथे कामाला होते. तरी मला चौक नको वाटतो. मी इंग्लंडात बेडफर्डशायरमध्ये राहतो, त्याचा हा परिणाम असेल.

इथे ओल्ड वॉर्डन नावाचं गाव आहे. तिथल्या जमीनजुमल्याचा वारस होता रिचर्ड शटलवर्थ. घराण्याचा पैसा वाफेची इंजिनं आणि मळणीयंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचा, आणि पोरगा वेगाचा वेडा. १९३३ मध्ये व्हाइसरॉय चषकाच्या शर्यतीसाठी तो कॉम्पर स्विफ्ट या एकआसनी चिमुकल्या विमानातून थेट दिल्लीला आला होता. १९३५ मध्ये त्याने डॉनिंग्टनची मोटारशर्यत जिंकली, आणि त्याच वर्षी १९०९ सालचं एक ब्लेरियो विमान विकत घेतलं.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे विमान. उड्डाणशाळेत शिकाऊंच्या हाती आपटलेलं, मग लंडनमध्ये रेल्वेपुलाच्या कमानीखाली पडून राहिलेलं. एका हौशी माणसाने ते उचलून दुरुस्त केलं होतं, त्याच्याकडून शटलवर्थकडे आलं. तेव्हा त्याला वारसा वगैरे कोणी म्हणत नव्हतं. सव्वीस वर्षांचं जुनं विमान म्हणजे भंगारच. याने ते उडतं ठेवलं. २ ऑगस्ट १९४० ला हवाईदलाच्या रात्रीच्या सरावात विमान कोसळून तो गेला, वय ३१. आई डोरोथी यांनी १९४४ मध्ये त्याच्या नावाने विश्वस्त संस्था काढली. त्याच्या जुन्या विमानांचा संग्रह आजही चालतो, कारण मागे नुसतं स्मारक नाही. वर्कशॉप आहे, आणि हाताने काम करणारी माणसं आहेत.

संध्याकाळी वारा पडला तरच ब्लेरियो बाहेर काढतात. धावपट्टीवर थोडं उचलतं, सरळ जातं आणि उतरतं, बस्स. तेवढ्यासाठी लोक दिवसभर थांबतात. (मीही थांबतो. घरच्यांना हे वेड वाटतं.)

‘इंग्रजांना परवडतं’ असं ग्रुपवर लगेच कोणीतरी म्हणतं. शटलवर्थ गर्भश्रीमंत होता हे खरंच. पण इंग्रज काही सगळं जपत नाहीत. विमानवाहू नौकांच्या बाबतीत ते आपल्याहून बरे नाहीत, जुनी एकही जपून ठेवली नाही. आपली विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारूखाना या जहाजतोडीच्या जागी तोडली गेली. तोडायला घेतली तेव्हा आपण हळहळलो. दरवर्षी रंगाला नि डागडुजीला पैसे लागत होते तेव्हा कुठे होतो? पुढे त्या पोलादाची मोटारसायकल निघाली आणि आपण तिचंच कौतुक केलं.

उलट उदाहरणही घरचंच आहे. हवाईदलाचा ‘परशुराम’ हा डकोटा, म्हणजे जुनं मालवाहू विमान, २०१८ मध्ये उडत भारतात आला. उद्योजक आणि राजकारणी राजीव चंद्रशेखर यांनी तो घेऊन इंग्लंडात दुरुस्त करवला. त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक होते. म्हणजे इथेही आधी एकाच माणसाने खिशात हात घातला.

मिग-२१ पुन्हा उडवा असं मी म्हणत नाही. सुटे भाग, इजेक्शन सीट, परवानग्या, ते जमणारं नाही. इथे व्हल्कन बॉम्बरचंही २०१५ नंतर उड्डाण थांबलं, कारण तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी हात काढून घेतला. पण दुसरं एक व्हल्कन अजून इंजिनं सुरू करून धावपट्टीवर धावतं, आणि त्यालाही गर्दी होते. ओझरला एक मिग छपराखाली ठेवून वर्षातून एक-दोनदा त्याचं इंजिन सुरू करता आलं, तर चौकातल्या दहा पुतळ्यांपेक्षा ते मोलाचं. चौकातल्या विमानात इंजिन नसतं. दोन पावसाळ्यांत रंग उडतो आणि मग त्याच्यावर शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात.

आणि हे आत्ताच करायला हवं. पहिल्या खेपेची मिग ज्यांनी जोडली ते फिटर आज ऐंशीच्या घरात आहेत. कुठला नट किती आवळायचा, हे त्यांनाच विचारता येईल.